नागपुरातल्या बाल्कनीत चिप्पी जगेल का?

मीठभाकर | २८ मे, रात्री १०:५०

मंडळी, प्रश्न येडपटासारखा आहे. आधी हसून घ्या, मग उत्तर द्या.

या सुट्टीत आम्ही वेंगुर्ल्याला गेलो होतो. तिथे मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका होडीतून कांदळवन (खारफुटीचं जंगल) दाखवतात, ती फेरी केली. परतताना लेकीने (यंदा सातवीत) भरतीने किनाऱ्यावर टाकलेल्या काडीकचऱ्यातून एक फळ उचललं. हिरवं, चपटं, लिंबापेक्षा जरा मोठं. बुडाला वांग्यासारखी टोपी, पण चांदणीसारखी पसरलेली, आणि टोकाला बारीक शेपूट. विचारल्यावर कळलं, ही पांढरी चिप्पी. महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणे. फळ लोणच्याच्या रिकाम्या बरणीतून नागपूरला आलं. सासूबाईंनी पाहून पहिला प्रश्न केला, "याचं भरीत होते का?"

आता लेकीने हट्ट धरलाय की हे बाल्कनीत लावायचं. बाहेर ४५ डिग्री आहे, कूलरसमोर बसून टाइप करतेय. जगेल का? रोज मिठाचं पाणी घालायचं का? साधं मीठ की सैंधव?

तर्रीपोहे | २८ मे, रात्री ११:०५

सैंधव घाला, उपासालाही चालेल.

जोक अपार्ट, प्रतापनगरात मे महिन्यात तुळस जगवून दाखवलीत तरी मी तुमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो. समृद्धीने सुसाट गेलं तरी मुंबईच्या अलीकडेच ७०१ किलोमीटर होतात, आणि तुम्हाला घरात खारफुटी पाहिजे! संत्रं लावा ना ताई.

खाडीकाठ | २९ मे, सकाळी ७:२०

फळ वाळूतून उचललंत म्हणून वाचलात, झाडावरून तोडलं असतंत तर इथेच भांडलो असतो. 😀 मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यभर कांदळतोडीवर बंदी घातली, आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवन नष्ट करणं म्हणजे घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कावर घाला, असं स्पष्ट सांगितलं. कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायचा आहे. आमच्या रायगडात कोणी रातोरात भराव टाकला की याच निकालाचा कागद घेऊन आम्ही फिरतो.

लागवडीचं मला विचारू नका. आमच्याकडे समुद्र लावतो, आम्ही बघतो.

पानवाचक | २९ मे, दुपारी ४:१५

नागपुरात आयुष्यभर वनस्पतीशास्त्र शिकवलं. खारफुटी शिकवायचो ती कपाटातल्या वाळक्या पानांवर आणि फॉर्मॅलीनच्या बरणीतल्या दोन मुळांवर. ती मुळं पिवळट गाजरासारखी दिसत. पन्नाशीनंतर पहिल्यांदा ओहोटीच्या वेळी चिप्पीखाली उभा राहिलो तेव्हा कळलं, की गाजरं उलटी आहेत. टोकं वर करून शेकडो मुळं चिखलातून बाहेर आलेली. इतकी वर्षं मुलांना बरणी उलटी धरून दाखवत होतो.

ती श्वास घ्यायची मुळं. खाडीच्या चिखलात बोटभर खाली प्राणवायू नसतो, म्हणून झाड मुळाची टोकं हवेत काढतं. सालीवरच्या बारीक छिद्रांतून ओहोटीत हवा आत जाते आणि आतल्या भुसभुशीत पेशीजालातून खालपर्यंत पोचते. भरतीत छिद्रं पाण्याखाली, श्वास बंद. चिप्पी तर सगळ्यांच्या पुढे, समुद्राच्या तोंडाशी उभी असते. तिला रोज दोनदा श्वास रोखावा लागतो.

मिठाचं म्हणाल तर प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. तिवर ही दुसरी खारफुटी पानातून मीठ बाहेर टाकते, पान चाटून बघा, खारट लागतं. चिप्पीच्या पानाला तशा ग्रंथी नाहीत. ती बरंचसं मीठ मुळाशीच अडवते, आत शिरलेलं पानात साठवते, पान जाड होत जातं आणि शेवटी गळतं. कांदळ नावाच्या खारफुटीचं बी झाडावरच रुजतं, शेंगेसारखं लांब रोप फांदीला लोंबतं. चिप्पीचं तसं नाही. तुमच्या फळात शंभरावर बारीक, वेड्यावाकड्या बिया असतील.

तेव्हा असं करा. फळ बादलीत भिजत ठेवा, कुजून मऊ पडेल. वास येईल, सासूबाईंना आधीच कल्पना द्या. चोळून बिया सुट्या करा. भोक नसलेल्या टबात काळी माती आणि नदीची रेती कालवून चिखल करा (नुसती काळी घेतली तर वाळताना भेगा पडून मुळं तुटतील), बिया वरच पेरा, पुरू नका. सुरुवातीला साधं पाणी. रोप दिसू लागल्यावर लिटरला ५ ते १० ग्रॅम मीठ. समुद्रात ते ३५ च्या आसपास असतं, पण कोवळं रोप तेवढ्या खारटपणात खुरटतं. अगदी गोड्या पाण्यातही ते खुश नसतं. सैंधव नको, स्वयंपाकाचंही नको. मत्स्यालयाच्या दुकानात समुद्री मिठाचं मिश्रण मिळतं, त्यात मॅग्नेशियम वगैरे असतं, ते आणा.

आणि आटलेलं पाणी भरताना साधं पाणी घाला. मीठ उडून जात नाही.

(विषय निघालाच आहे तर: फूल संध्याकाळी उमलतं, पांढऱ्या केसरांचा नुसता ब्रश. वटवाघळं आणि मोठे पतंग त्यावर येतात, सकाळपर्यंत केसर पाण्यात. मलेशियात कुआला सेलांगोरला हिच्याच एका बहिणीवर काजव्यांचे थवे एका तालात लुकलुकतात. शास्त्रीय नाव सोनेरेशिया अल्बा. पिएर सोनेरा हा अठराव्या शतकात भारतात फिरून गेलेला फ्रेंच निसर्गअभ्यासक, त्याच्यावरून. अल्बा म्हणजे पांढरी.)

मीठभाकर | २९ मे, संध्याकाळी ६:४०

सर, दंडवत. मिठाचं आत्ता डोक्यात शिरलं. आमच्याकडे बोअरचं पाणी, दोन आठवड्यांत कूलरच्या वाळ्याच्या ताटीवर पांढरा थर जमतो. पाणी उडतं, क्षार बसतात. म्हणजे टबाची ताटी होऊ द्यायची नाही.

तर्रीपोहे | २९ मे, संध्याकाळी ६:५२

आणि भरती-ओहोटी कोण आणणार? महानगरपालिका?

पानवाचक | २९ मे, रात्री ८:००

खाली नळी लावा. दिवसातून दोनदा पाणी बादलीत काढायचं, काही तासांनी परत ओतायचं. झाली भरती.

बुटीबोरी_लोकल | ३० मे, सकाळी ९:३०

हे सारं ठीक हाय, पण मले एक सांगा, या झाडाचं आपल्याले काय? आंबा राज्यवृक्ष हाय, निदान खाता तरी येते. ही चिप्पी विदर्भातल्या किती लोकायनं पाह्यली? मुंबईवाल्यायनं आपल्या सोयीनं ठरवलं अन् नागपूरच्या पोरायनं ते स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करायचं. "राज्य प्राणी शेकरू, पक्षी हरियाल, फूल ताम्हण, कांदळवृक्ष पांढरी चिप्पी." पाठ करून करून थकली पोरं.

खाडीकाठ | ३० मे, सकाळी १०:१०

पाठ करताना वर्षही करा: ऑगस्ट २०२०. असा राज्य कांदळवृक्ष ठरवणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य.

भाऊ, राग समजू शकतो. पण ७२० किलोमीटरच्या किनाऱ्यावर मिळून आपलं कांदळवन किती? २०२१ च्या वन सर्वेक्षण अहवालात ३२४ चौरस किलोमीटर. तुमच्याकडच्या एका व्याघ्र प्रकल्पात सगळं मावेल. नागपूरच्या बाजारात जी सुकट, जे सुके झिंगे घेता ना, त्या कोलंबीची पिल्लं याच मुळांच्या गचपणात लहानाची मोठी होतात. मोठा मासा तिथे शिरू शकत नाही.

अजबबंगला | ३० मे, दुपारी १२:४५

गंमत सांगू? राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय कुठे आहे? सिव्हिल लाइन्सला, वनभवनात. त्या चिप्पीच्या फायली वर सरकत सरकत शेवटी नागपुरातच येतात. मग आपल्याले काय म्हणून कसं चालेल?

बुटीबोरी_लोकल | ३० मे, दुपारी १:०५

फायली येतात, झाड नाई येत. तेच तर म्हणून राहिलो.

दगडफोड्या | ३१ मे, रात्री ९:२५

झाड येऊन गेलंय. तुम्हाला थोडा उशीर झाला, ६ कोटी ६० लाख वर्षांचा.

छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान म्हणून गाव आहे, नागपूरहून सकाळी निघालं तर संध्याकाळी परत. दख्खनचा लाव्हा थरांवर थर ओतत होता तेव्हा मध्येच काही काळ शांतता असायची, तळी साचायची, झाडं वाढायची, मग पुढचा थर येऊन सगळं गाडून टाकायचा. त्या मधल्या थरांतल्या वनस्पती दगड होऊन राहिल्या. पुरावनस्पतीशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी त्यांवर काम केलं. मोहगावच्या दगडांत निपा ताडाची फळं सापडली आहेत. निपा म्हणजे सुंदरबनात ज्याला गोलपाता म्हणतात तो, पाय खाऱ्या चिखलात ठेवून जगणारा ताड. नागपुरात काम केलेल्या डॉ. श्या चितळे यांनी त्याच थरांतल्या, चिप्पीच्या मुळांशी जुळणाऱ्या शिळारूप मुळांचं वर्णन १९६९ साली केलं. त्या पुढे अमेरिकेत क्लीव्हलंडच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात गेल्या.

आता खारा चिखल तिथे कुठून आला, तर त्याच जिल्ह्यातल्या झिलमिलीच्या थरांत समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्मजीवांची कवचं मिळाल्याचं २००९ साली प्रसिद्ध झालं. नर्मदा-तापीच्या खोलगट भागातून समुद्राचा एक फाटा आत शिरला असावा, असा तर्क आहे. सगळ्यांना तो मान्य नाही. अभ्यासक भांडतात, तेवढी आमचीही करमणूक होते. निपाचं फळ मात्र मी काचेआड पाहिलंय. नारळाच्या करवंटीचा तुकडा वाटतो.

तर्रीपोहे | ३१ मे, रात्री ९:४०

म्हणजे सीताबर्डीला बीच होता??

दगडफोड्या | ३१ मे, रात्री ९:४३

नाही. सीताबर्डीची टेकडी हा लाव्हाच आहे. बीच नाही, भट्टी.

नागकाठची | १ जून, रात्री ११:३०

दोन दिवस हा धागा वाचतेय, आणि सगळेजण समुद्र म्हटलं की पश्चिमेकडेच बघताय. मीठभाकर वेंगुर्ल्याला गेली, खाडीकाठ रायगडातून बोलतायत, बुटीबोरी भाऊ मुंबईवर चिडलेत. आपला समुद्र तिकडे नाहीच मुळी.

नकाशा काढा आणि बोट ठेवा. नागनदी लाव्हा नावाच्या गावाजवळच्या टेकडीकडून निघते, अंबाझरीत येते, गावातून आपलं सगळं पोटात घेऊन पूर्वेला जाते, पिवळी नदी मिळते, मग कन्हान. कन्हान वैनगंगेला, तिथे गोसेखुर्दचं धरण. वैनगंगा खाली चपराळ्याजवळ वर्धेला भेटते, दोघींची प्राणहिता होते, सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीत. मग भद्राचलम, पापीकोंडालूचे डोंगर, राजमहेंद्री, दवलेश्वरमचं धरण. त्याच्या खाली गोदावरी फुटते, आणि तिची गौतमी नावाची शाखा जिथे बंगालच्या उपसागराला मिळते तिथे, काकीनाड्याच्या बाजूला, कोरिंगाचं कांदळवन आहे. १९७८ पासून अभयारण्य, २३५ चौरस किलोमीटर.

आपल्या स्वयंपाकघराच्या मोरीतून निघालेल्या पाण्याचा शेवटचा पत्ता हा आहे. तिथेही चिप्पी आहे, पण पांढरी नाही. सोनेरेशिया एपेटाला, म्हणजे बिनपाकळीची. पानं लांबट, फांद्या खाली झुकलेल्या.

मी नागनदीपासून दोनशे पावलांवर लहानाची मोठी झाले. पावसाळ्यात पुलावरून प्लास्टिक वाहताना बघायचो आणि "गेलं" म्हणायचो. कुठे गेलं, हे मला तिशी उलटल्यावर कळलं, तेही काकीनाड्याच्या एका मैत्रिणीमुळे. बुटीबोरी भाऊ, "या झाडाचं आपल्याले काय" हा प्रश्न त्या झाडाने विचारायला पाहिजे. त्याच्याकडे आपलं सगळं पोचतं.

अजबबंगला | २ जून, सकाळी ८:१५

पोस्ट आवडली, पण एक दुरुस्ती. सगळं सांडपाणी नदीत जात नाही. भांडेवाडीला शुद्ध केलेलं बरंच पाणी कोराडीच्या औष्णिक केंद्राला जातं, तिथे १३० एमएलडीची (रोज १३ कोटी लिटरची) योजना आधीपासून आहे. देशात असं फार थोड्या शहरांनी केलंय. आणि जे नदीत जातं त्यातला गाळ, घाण गोसेखुर्दच्या जलाशयातच बसते. काकीनाड्यापर्यंत तुमच्या मोरीचं पाणी ओळखू येण्याइतकं उरत नसणार.

नागकाठची | २ जून, सकाळी ९:०२

कोराडीचं मान्य, लिहायला हवं होतं. पण गाळ बसण्याचंच तर दुखणं आहे. घाण गोसेखुर्दला अडते, म्हणजे भंडाऱ्याच्या मासेमारांच्या गळ्यात. चांगली मातीही तिथे आणि पुढच्या प्रत्येक बंधाऱ्याला अडते. मेडिगड्डा, दवलेश्वरम, उद्या पोलावरम. त्रिभुज प्रदेश नदीने आणलेल्या मातीवर उभा असतो. वरून माती यायची कमी झाली की समुद्र कडेने कुरतडायला लागतो. गोदावरीच्या मुखाशी ते झालंय. तिवर, चिप्पी कितीही लावा, खाली चिखलच उरला नाही तर मुळं रोवायची कशात?

खाडीकाठ | २ जून, सकाळी ९:३०

हे लाखमोलाचं बोललात. आमच्याकडे दर २६ जुलैला, कांदळवन दिनाला, फोटोपुरती रोपं लावायचा उत्साह असतो. ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिखलावर एका रांगेत कांदळ खोचतात, पहिल्या उधाणात निम्मी आडवी. जिथे पाणी नीट येतं-जातं तिथे झाड आपणहून उगवतं. अडवलेली वाट मोकळी केली तरी पुष्कळ.

बुटीबोरी_लोकल | २ जून, रात्री ८:२०

नकाशा काढून पाह्यला. बोट ठेवत ठेवत गेलो. खरंच काकीनाडा. मुंबईवरचा राग मागे घेत नाई, पण हे मले मालूम नवतं.

मीठभाकर | ३० जून, रात्री १०:१०

प्रगती कळवते. फळ आठ दिवसांत असं कुजलं की शेजारच्यांनी गटार तुंबलं म्हणून सोसायटीत तक्रार केली. त्यातून ११२ बिया निघाल्या (लेकीने मोजल्या). १२ जूनला पेरल्या, आजपर्यंत १९ रोपं. पहिली दोन पानं टाचणीच्या डोक्याएवढी! पावसाने टब भरून वाहिला, तेव्हा लेक रात्री छत्री घेऊन त्यावर उभी.

मीठभाकर | २६ जुलै, सकाळी ७:००

मुद्दाम आजच लिहितेय. ११ उरली. नळीची भरती सुरू केलीये, पण लेकीला सकाळ-संध्याकाळची ठरलेली वेळ मान्य नाही. कुठून तरी वाचलं की भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. तेव्हा आमच्याकडेही सरकते. तिने वेंगुर्ल्याचं भरतीचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलंय. काल रात्री १:४० ची भरती होती. मी झोपले होते. सासूबाईंनी उठून दिली.

पानवाचक | २६ जुलै, सकाळी ७:४५

झाडाला मिनिटाचा हिशोब लागत नाही. पण सासूबाईंना थांबवू नका.

मीठभाकर | ९ जानेवारी, रात्री ९:१५

तीन दिवस पारा ८ वर. चारांपैकी तीन रोपांनी पानं टाकली, देठ काळे पडले, गेली. एक आहे, चार पानांच्या जोड्या, वीतभर उंच. रात्री त्यावर रिकामं खोकं पालथं घालतो. लेक रडली नाही, वहीत तारीख लिहिली. तर्रीपोहे, सत्काराची तयारी अर्धीच ठेवा.

दुसरं म्हणजे फेब्रुवारीत काकीनाड्याला जायचं ठरतंय. नागकाठची, कोरिंगात कधी जावं? सकाळी की दुपारी?

नागकाठची | ९ जानेवारी, रात्री ९:४०

घड्याळ बघू नकोस, ओहोटी बघ. भरतीत नुसती हिरवी झुडपं पाण्यात उभी दिसतील. ओहोटीत मुळं, खेकडे, निवट्या (चिखलात उड्या मारणारे मासे), सगळं उघडं. लाकडी पुलावरून खाली बघत चालायचं. वेळापत्रक काकीनाड्याचं बघ हं, वेंगुर्ल्याचं नको. 😀

मीठभाकर | ९ जानेवारी, रात्री ९:५५

फ्रिजवर दुसरा कागद लागला. सासूबाईही येतायत. आठ दिवस टबाची भरती कोण करणार यावर घरात चर्चा चालू आहे.

बुटीबोरी_लोकल | ९ जानेवारी, रात्री १०:२०

किल्ली ठेवून जा ताई. मी येऊन करून देतो. नळी कोणत्या बाजूले हाय तेवढं सांगून ठेवा.